धातूचे औषध आणि गरिबाचा काळा आजार

रोग श्रीमंत-गरीब पाहत नाही, असे म्हणतात. आम्हाला ते पूर्ण खरे वाटत नाही. काही रोग घर पाहूनच आत शिरतात. काळा आजार हा त्यांपैकीच एक. मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलसर जमिनीत वाढणारी वाळूमाशी डासाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढी असते. ती चावली की लिशमानिया नावाचा परोपजीवी जंतू अंगात जातो. आठवडेच्या आठवडे ताप हटत नाही, पाणथरी वाढून पोट फुगते, रक्त आटते, कातडी काळवंडते. उपचार मिळाला नाही, तर शंभरातले पंचाण्णवाहून अधिक रुग्ण दगावतात.

आपल्या देशात हा रोग मुख्यतः बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेशच्या पूर्व भागात आढळतो. बिहारमध्ये त्याचा मोठा मार बसला तो मुसहर या दलित समाजाला. जमीन नाही, पक्के घर नाही, रोज राबल्याशिवाय चूल पेटत नाही, अशी ही माणसे.

एके काळी आसामातही या रोगाने हाहाकार उडवला होता. नगाव जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत सुमारे पाव हिश्शाने घटली. १९०३ साली लिशमन आणि डोनोव्हन या डॉक्टरांनी जंतू शोधला. पण औषध कुठे होते? अँटिमनी या धातूचा एक क्षार टोचून पाहिला जाई. ज्याच्या खनिजापासून मूळचा सुरमा बनतो, तोच हा धातू. त्या क्षाराने जंतू मरत. पण उलट्या होत, हृदयावर ताण येई आणि रुग्णाचे फार हाल होत.

कलकत्त्याच्या कॅम्पबेल रुग्णालयात डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी यावर मार्ग काढला. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे एक लहानशी खोली. तिथे ना वीज, ना नळ, ना गॅस. कंदिलाच्या उजेडात काम करून १९२० च्या सुमारास त्यांनी अँटिमनीचे ‘युरिया स्टिबामाइन’ हे संयुग तयार केले. मरणाच्या दारातले रुग्ण त्याने थोड्या दिवसांत बरे होऊ लागले. आसामच्या चहामळ्यांतील मजुरांसह लाखो लोकांचे प्राण या औषधाने वाचले. १९२९ साली ब्रह्मचारींचे नाव नोबेल पारितोषिकासाठी सुचवले गेले. पारितोषिक मिळाले नाही. पण वाचलेले जीव काही खोटे नव्हेत.

धातू जंतूला मारतो कसा? जंतूच्या शरीरात विषारी द्रव्यांचा बंदोबस्त करणारी एक व्यवस्था असते. अँटिमनी तीच बिघडवतो. मात्र जे जंतूला विष, ते माणसालाही थोडेफार विषच. आफ्रिकेतील निद्रारोगावर १९४९ पासून सोमल, म्हणजे आर्सेनिक असलेले मेलार्सोप्रोल हे औषध वापरात आले. ते घेणाऱ्या शंभर रुग्णांपैकी सुमारे पाच जण औषधामुळेच दगावत. तरीही ते द्यावे लागे, कारण रोग मेंदूत पोचला की दुसरा इलाज नव्हता. म्हणूनच धातूचे औषध म्हणजे वैदूने दिलेली पुडी नव्हे. त्याची मात्रा डॉक्टरनेच ठरवावी.

आता पुढचा हिशेब मांडू. ब्रह्मचारींच्या संयुगानंतर अँटिमनीची सुधारित इंजेक्शने आली. ती रोज एक, अशी सुमारे महिनाभर घ्यावी लागत. हातावर पोट असलेल्याने महिनाभर मजुरी बुडवून दवाखाना कसा गाठायचा? ताप उतरला की तो कामावर जाई. काही ठिकाणी बिनपदवीचे डॉक्टर कमी मात्रेत सुया टोचत. अर्धमेले जंतू औषधाला सरावले. १९९२ साली देशात सरकारी नोंदीप्रमाणे ७७ हजारांवर रुग्ण झाले आणि १४०० वर मृत्यू. त्याच दशकात उत्तर बिहारमध्ये निम्म्याहून अधिक रुग्णांना अँटिमनी लागू पडेनासा झाला. लाखोंना जीवदान देणारे औषध तिथे असे निकामी झाले.

त्यानंतर इतर औषधे आली. २०१४ पासून भारतात अँफोटेरिसिन या औषधाचा विशेष प्रकार शिरेतून एकदाच देण्याचे धोरण आहे. मजुरी महिनाभर बुडत नाही, म्हणून उपचारही अर्धवट राहत नाही. सोबत घराघरांत फवारणी झाली. २०२३ अखेर सर्व बाधित तालुक्यांत वर्षाला दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण, हे उद्दिष्ट गाठले गेले. त्याच वर्षी बांगलादेशाने या रोगाच्या निर्मूलनाची जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळवली.

धातूंचा शोध मात्र थांबलेला नाही. संधिवातावरचे सोन्याचे ऑरॅनोफिन अमीबावर चालते का, याचे प्रयोग झाले आहेत. मलेरियासाठी क्लोरोक्विनला लोहाची जोड देऊन फेरोक्विन बनवले गेले. यश येवो अशीच आमची इच्छा आहे. पण सोन्याचे औषध निघाले, तरी ते गरिबाच्या दारी पोचले पाहिजे आणि पुरते घेतले गेले पाहिजे.

आपल्या वस्तीत काळा आजार नसेल. पण क्षयाचे रुग्ण आहेत. दोन महिन्यांत खोकला थांबला म्हणून गोळ्या सोडणारे आपण सर्वांनी पाहिले आहेत. बिहारात जे अँटिमनीचे झाले, ते क्षयाच्या गोळ्यांचेही होऊ शकते. तेव्हा शेजारच्या घरी कुणाचे औषध चालू असेल, तर डॉक्टरने सांगितल्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत ते चालू राहील, एवढी विचारपूस आपण जरूर करावी.