पहिली धार

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात फ्लिंट नावाचं गाव आहे. २०१५ मध्ये वस्ती लाखभर, त्यातली निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय. ऑगस्ट २०१५ मध्ये इथल्या लोकांनी आपल्या नळाचं पाणी स्वतःच तपासायला घेतलं. खाली जी बाई आहे ती कुणी एक नाही. तिचं घर, तिची नोकरी मी कल्पनेनं जुळवली आहे. पाणी, बाटल्या आणि तारखा मात्र घडल्या तशाच.

पहाटे ४.४५

रात्री साडेदहापासून घरात कुणी नळ उघडलेला नाही. संडासात फ्लशही केलेला नाही. निदान सहा तास पाणी पाईपात साचून राहायला हवं, तरच पाईपातून काय सुटतंय ते कळतं.

ओट्यावर तीन बाटल्या. एक लिटरची, अर्ध्या लिटरची आणि १२५ मिलिलिटरची. पहिली धार वाया घालवायची नाही, ती थेट मोठ्या बाटलीत. मग पंचेचाळीस सेकंद नळ वाहू द्यायचा आणि मधली भरायची. मग दोन मिनिटं, आणि छोटी. ती घड्याळाच्या काट्यावर डोळा ठेवून उभी राहते. हात जरा कापतो, लिटरभर बाटली काठोकाठ भरली की जड होते. झाकण घट्ट. लेबलवर तारीख, वेळ, पत्ता.

पाण्याला पिवळट झाक आहे. तो लोखंडाचा गंज. शिशाला रंग नाही, वास नाही, चव नाही. काचेसारख्या नितळ पाण्यातही ते असू शकतं. एवढं एक समजायला तिला वर्ष लागलं, कारण सांगायला कुणी आलंच नाही.

५.३०

नातवाच्या पाठीवर पुरळ आहे. त्याला विकतच्या पाण्यानं पुसून काढते. चोवीस बाटल्यांचा खोका चार डॉलरच्या आसपास पडतो, आणि स्वयंपाक, दात घासणं, औषध घेणं सगळं त्यातूनच, म्हणून दोन दिवसही पुरत नाही.

नळाचं बिल वेगळं. इथलं पाणी २०१५ मध्ये देशातल्या सगळ्यात महाग पाण्यांपैकी. वर्षाला एका घराचा सरासरी हिशेब ८६४ डॉलरच्या घरात. बिल थकलं की जोडणी तोडतात. म्हणजे जे पाणी पिता येत नाही, त्याचे पैसे भरायचे, आणि पिण्याचं दुकानातून आणायचं.

७.००

वृद्धाश्रमाचं धुणंघर. चादरी, टॉवेल, अंगरखे. ओली चादर ओढताना कंबर धरते. तासाला ८.१५ डॉलर, राज्याचं तेव्हाचं किमान वेतन. खोकाभर पाण्यासाठी अर्धा तास चादरी ओढाव्या लागतात.

११.३०

डबा खाताना पाण्याचाच विषय. २५ एप्रिल २०१४ ला शहराचं पाणी बदललं. डेट्रॉईटकडून येणारं सरोवराचं पाणी बंद केलं आणि फ्लिंट नदीचं सुरू झालं. पैसे वाचवायचे होते. कारभार तेव्हा निवडून आलेल्यांच्या हातात नव्हता, राज्यानं नेमलेला अधिकारी शहर चालवत होता. नदीचं पाणी पाईप खाणारं होतं. ते रोखायला पाण्यात जे रसायन घालायला हवं होतं, ते घातलंच नाही.

लोक बाटल्यांत तपकिरी पाणी भरून सभांना गेले. पाणी सुरक्षित आहे, असं उत्तर मिळालं. ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्यानं हे पाणी घेणं थांबवलं, कारण सुटे भाग गंजत होते. कारखान्याला दुसरं पाणी मिळालं. मार्च २०१५ मध्ये नगर परिषदेनं सात विरुद्ध एक मतांनी पुन्हा डेट्रॉईटचं पाणी मागितलं. नेमलेल्या अधिकाऱ्यानं ते मानलं नाही.

माझ्या मते इथली खरी जखम हीच. यंत्राच्या भागांचं ऐकलं गेलं, बायकांचं नाही.

३.४०

चर्चच्या तळघरात लांब टेबल. इथून तपासणीच्या तीन-तीन रिकाम्या बाटल्यांचे खोके न्यायचे, भरलेले आणून द्यायचे. ली-ॲन वॉल्टर्स या फ्लिंटमधल्या आईनं व्हर्जिनिया टेक विद्यापीठातले प्राध्यापक मार्क एडवर्ड्स यांना गाठलं होतं. त्यांच्या चमूनं तीनशे खोके पाठवले. वाटायचं, समजवायचं आणि गोळा करायचं काम गावकऱ्यांचं. मजुरी नाही.

भिंतीवर नकाशा आहे. कुठल्या पिनकोडातून किती खोके आले ते त्यावर दिसतं. जिथून कमी, तिकडे आधी जायचं. नाहीतर उद्या कुणी म्हणेल, मुद्दाम वाईट गल्ल्या निवडल्या.

४.३०

उत्तरेकडची वस्ती. तीन घरांत राहती माणसं, चौथ्याच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. गाडीत पाच डॉलरचं पेट्रोल टाकलंय, स्वतःच्या खिशातून.

एका दारात म्हातारबाबा जाळीच्या आडूनच बोलतात.

"सिटीकडून आलीस?"

"नाही बाबा. मी पलीकडच्या गल्लीतली."

"मागे एक कागद आला होता. आदल्या रात्री पाच मिनिटं नळ सोडून ठेवा, मग सकाळी भरा म्हणून."

"तो त्यांचा कागद. पाच मिनिटांत पाईप धुऊन निघतो, मग सापडणार काय? आपण तसं नाही करायचं."

बाबा दार उघडतात. ती पायरीवर बसून तिन्ही बाटल्या मांडते, आणि पहिलीवर दोनदा बोट ठेवते.

पुढच्या घरात नकार. भाडेकरू आहेत, घरमालकाला कळलं तर काय, ही भीती. ती वाद घालत नाही, यादीत खूण करते. त्याच्या पुढच्या घरातली बाई रात्रपाळीची, सहा तास नळ बंद ठेवायचा तर दुपारची झोप धरावी लागेल. तसं ठरतं.

७.१५

भरलेले खोके परत तळघरात. प्रत्येक लेबल पुन्हा वाचायचं. वेळ लिहिलेली नसेल तर त्या घरी फोन. एका बाटलीचं झाकण सैल निघतं. ती बाजूला, ते घर पुन्हा करायचं. आळस करून चालणार नाही, एक चूक सापडली की सगळ्यांच्या बाटल्या खोट्या ठरवतील.

या बाटल्यांनीच पुढे सप्टेंबरात आकडा दिला. दहातल्या एका घरात शिसं अब्जात २५ भागांच्या वर. सरकारी कृतीची मर्यादा तेव्हा १५ होती. त्याच महिन्यात बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अटीशा यांनी मुलांच्या रक्तातलं वाढलेलं शिसं जाहीर केलं. १६ ऑक्टोबरला शहर पुन्हा डेट्रॉईटच्या पाण्यावर गेलं. जमिनीतले पाईप तेव्हा तेच राहिले.

९.३०

उद्याच्या घरांना फोन. म्हातारबाबांचा नंबर शेवटी.

"रात्री दोनदा उठावं लागतं मला. संडासात पाणी टाकायचं नाही?"

"बादली आत्ता भरून ठेवा. उठलात की त्यातलं ओता. फ्लश नाही, नळ नाही."

"आणि गोळीसोबत प्यायला?"

"दारात दोन बाटल्या ठेवल्यात मी. विकतच्या. पहाटे पाचला येते, तोवर नळाला हात लावू नका."