सफाईमाशाला गिऱ्हाइकं हवीत!

म्हशीच्या पाठीवर ऐटीत बसलेला बगळा तुम्ही नक्कीच पाहिला असेल. म्हैस त्याला हाकलत नाही. कशी हाकलेल? तो तिच्या अंगावरच्या माश्या आणि गोचीड टिपतो. त्याचं पोट भरतं आणि म्हशीची कटकट जाते.

पण समुद्रातल्या माशांनी काय करावं? त्यांच्या अंगालाही रक्त पिणारे बारीक किडे चिकटतात. माशाला ना हात, ना अंग खाजवायला नखं! मग तो सरळ ‘दवाखान्यात’ जातो. तिथे त्याची वाट पाहत असतो सफाईमासा.

हा सफाईमासा असतो तुमच्या बोटाएवढा. खूप वाढला तरी साधारण १४ सेंटिमीटर. अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा आणि भोवती सुंदर निळा रंग. शास्त्रज्ञ त्याला ‘लॅब्रॉइडीस डिमिडिएटस’ म्हणतात. आपल्या लक्षद्वीप आणि अंदमानच्या प्रवाळांच्या खडकांतही तो राहतो. आणि हो, गोड्या पाण्याच्या टाकीत काचेला तोंड लावून बसणारा ‘सकर’ मासा म्हणजे हा नव्हे. सकर काचेवरचं शेवाळ खातो. सफाईमासा काच साफ करत नाही, तो साफ करतो दुसऱ्या माशांना!

खडकातला दवाखाना

खडकातली एक जागा तो धरून ठेवतो. गिऱ्हाईक दिसलं, की शेपूट वरखाली हलवत नाचतो. जणू म्हणतो, “या, या, बसा!” मग मोठमोठे मासे येऊन अगदी स्तब्ध उभे राहतात. कोणी तोंड उघडतं, कोणी कल्ले फाकवतं. आपल्या कोळीवाड्यात ज्याला हेकरू म्हणतात, त्याच्या जातीचे मासे तर एका घासात सफाईमाशाला गिळू शकतील. पण ते गिळत नाहीत. तो त्यांच्या तोंडात शिरतो, आतलं साफ करतो आणि आरामात बाहेर येतो. आहे की नाही गंमत!

हा मासा थोडा लबाडही आहे बरं का. किड्यांपेक्षा त्याला माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर जास्त आवडतो. संधी मिळाली की तो त्याचा लचका तोडतो. गिऱ्हाईक दचकतं, कधी त्याच्या मागे धावतं, नाहीतर सरळ निघून जातं. म्हणून दुसरी गिऱ्हाइकं बघत असली की हा पठ्ठ्या अगदी शहाण्यासारखा वागतो! त्याच्या हुशारीचा आणखी एक पुरावा २०१९ साली जपानी शास्त्रज्ञांनी जगापुढे ठेवला. त्यांनी सफाईमाशांच्या गळ्यावर एक खूण केली आणि समोर आरसा ठेवला. आरशात खूण दिसल्यावर काही मासे तळाशी जाऊन गळा घासू लागले!

“बाई, औषधाचा खर्च वाचेल ना?”

ही सगळी माहिती सांगितल्यावर माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलानं विचारलं, “बाई, असा मासा घरच्या टाकीत ठेवला तर बाकीचे मासे आजारीच पडणार नाहीत ना? औषधाचा खर्च वाचेल!”

प्रश्न झकास होता. उत्तरासाठी आम्ही फळ्यावर गणित मांडलं. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफमध्ये लिझार्ड बेटाजवळ शास्त्रज्ञांनी मोजणी केली होती. एक सफाईमासा दिवसभरात सुमारे २,३०० वेळा माशांची तपासणी करतो आणि त्यातून सुमारे १,२०० किडे खातो. म्हणजे साधारण दोन तपासण्यांमागे एक किडा. आता घरच्या टाकीत मासे असतील सहा. सगळ्यांना तपासून त्याच्या वाट्याला किडे येणार तीन. आणि उद्या? परवा? समुद्रात रोज नवी गिऱ्हाइकं येतात. टाकीत तेच सहा मासे आणि तेही आधीच साफ झालेले!

मग भुकेला सफाईमासा त्या सहांच्याच मागे लागतो, त्यांच्या अंगाचे लचके तोडतो. ते बिचारे कोपऱ्यात दडतात. कोळंबीचा बारीक चुरा किंवा गोठवलेलं खाद्य काही सफाईमासे खायला शिकतात. त्यांना दिवसातून अनेकदा थोडं थोडं द्यावं लागतं. पण बरेचसे शिकतच नाहीत आणि काही आठवड्यांत उपासमारीने मरतात.

औषधाचं म्हणाल, तर तेही खरं नाही. खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या अंगावर पांढरे ठिपके येतात, त्या रोगाचा जंतू कातडीच्या आत शिरून बसतो. तिथे सफाईमाशाचं तोंड पोचत नाही. तो टाळण्याचा चांगला उपाय हा. नवा मासा आणला, की तीन-चार आठवडे त्याला वेगळ्या टाकीत ठेवून लक्ष ठेवायचं आणि मगच मोठ्या टाकीत सोडायचं.

एक मासा गेला तर काय बिघडतं?

बाजारात मिळणारे हे मासे बहुतेक समुद्रातून पकडलेले असतात. “समुद्र केवढा मोठा, एक मासा आणला तर काय झालं?” असं कुणाला वाटेल. लिझार्ड बेटाजवळच शास्त्रज्ञांनी काही छोट्या खडकांवरचे सफाईमासे साडेआठ वर्षं सतत काढून टाकले. २०११ मध्ये त्यांनी निष्कर्ष सांगितला. सफाईमासे असलेल्या खडकांच्या तुलनेत तिथे राहणारे मासे ३७ टक्क्यांनी कमी होते आणि माशांच्या जाती २३ टक्क्यांनी कमी! एका दवाखान्यावर सगळं गाव अवलंबून असतं ते असं.

हौस असेलच तर

खाऱ्या पाण्याची टाकी हा घरातल्या मोठ्यांच्या मदतीनं करायचा उद्योग आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे २०० लिटरच्या टाकीला झाले ७ किलो! तेही स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे असलेलं खास मीठ लागतं. पाण्याची वाफ होते, पण मीठ मागेच राहतं. म्हणून पातळी कमी झाली की त्यात मीठ नसलेलं शुद्ध पाणी घालायचं. माशांची घाण पचवणारे उपयोगी जिवाणू टाकीत तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे आणायचे नाहीत. धीर धरायलाच हवा!

आणि सफाई करणारंच कुणी हवं असेल, तर निऑन गोबी मागा. साधारण पाच सेंटिमीटरचा, निळ्या पट्ट्याचा हा छोटा मासा मूळचा अमेरिकेकडच्या कॅरिबियन समुद्रातला. तोही दुसऱ्या माशांचे किडे खातो, पण नेहमीचं खाद्यही आवडीनं खातो. शिवाय त्याची पैदास टाकीतच करता येते, म्हणजे समुद्रातला एकही मासा कमी होत नाही.

दुकानात गेलात की पैसे देण्याआधी दोन प्रश्न नक्की विचारा. “काका, हा मासा समुद्रातून पकडलाय की टाकीत जन्मलाय?” आणि “आत्ता माझ्यासमोर खाऊन दाखवतो का?” उत्तर पटलं नाही, तर हात जोडून परत फिरा. त्या माशाची गिऱ्हाइकं तिकडे समुद्रात रांग लावून उभी आहेत!