थोरोचे तक्ते आणि आमच्या शाळेचा बहावा

दोन वर्षांपूर्वी आमच्या वर्गाच्या निसर्गवहीत नोंद झाली, "१४ एप्रिल, बहावा फुलला." यंदा नोंद आली ३० मार्चची. मुलं लगेच म्हणाली, "सर, हवामान बदललं!" मी विचारलं, झाड तेच होतं का? कोणालाच आठवेना. झाडाची जागा लिहायला मीच सांगितलं नव्हतं. दोन्ही तारखा खऱ्या, पण शेजारी ठेवून काही म्हणता येईना.

जुन्या आणि नव्या नोंदी जोडायच्या कशा, याचं एक छान उदाहरण अमेरिकेतलं आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कॉर्ड गावचा हेन्री डेव्हिड थोरो आपल्याला 'वॉल्डन'मुळे माहीत. दुर्गाबाई भागवतांनी ते पुस्तक मराठीत आणलं. हा माणूस पोटासाठी जमीनमोजणी करायचा. १८५२ ते १८५८ या वर्षांत गावातल्या शेकडो वनस्पतींना पहिलं फूल कधी आलं, हे त्याने टिपून ठेवलं. (अक्षर असं, की आपण वही परतच केली असती!) पुढे त्याच गावातल्या आल्फ्रेड हॉस्मर या दुकानदारानेही बरीच वर्षं तशाच नोंदी केल्या.

मग २००४ ते २००६ मध्ये रिचर्ड प्रायमॅक आणि अब्राहम मिलर-रशिंग हे शास्त्रज्ञ त्याच गावात फुलं बघत फिरले. जुन्या तारखांशी तुलना करायला त्यांनी सर्रास आढळणाऱ्या ४३ जाती घेतल्या. सर्रास आढळणाऱ्याच का?

खरी मेख इथेच आहे. 'पहिलं फूल' ही फसवी गोष्ट. शंभर झाडं असली तर त्यातलं एखादं आगाऊ झाड लवकर फुलतंच. पाचच उरली तर पहिली तारीख लांबते, हवामान तेच असलं तरी! तसंच, आठवड्यातून एकदा फेरी मारणाऱ्याला रोज फिरणाऱ्यापेक्षा फूल उशिराच दिसणार. म्हणजे कोण, कुठे, किती वेळा गेलं, हे तारखेइतकंच महत्त्वाचं.

या ४३ जाती थोरोच्या काळापेक्षा सरासरी ७ दिवस लवकर फुलत होत्या. रानटी ब्लूबेरीची एक जात तर तीन आठवडे, आणि आपल्या आंबुशीच्या कुळातलं पिवळ्या फुलांचं एक रोप चक्क ३२ दिवस अलीकडे आलं होतं. तापमानाच्या नोंदींवरून तिथली सरासरी सुमारे २.४ अंश सेल्सिअसने वाढलेली दिसते. त्यात बॉस्टन शहर फुगल्याचाही वाटा आहे. पण एकेक वर्ष घेतलं तरी जे वर्ष उबदार, त्या वर्षी फुलं लवकर, असंच दिसतं. म्हणून मला हा निष्कर्ष भक्कम वाटतो.

आता आमच्या वहीत झाडाला नंबर आहे, पाहणाऱ्याचं नाव आहे आणि "आज फूल नाही" हेही लिहायचं आहे. परवा एकीने लिहिलं, "आज गेले नाही, मावशीचं लग्न होतं." तीही नोंद तशीच ठेवली.