चहा घेणार ना?

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ मी बी.ए.ला असताना वाचलं, तेव्हा त्यातला विनोदच जास्त लक्षात राहिला. आता चाळिशी उलटल्यावर दुसरंच काही जाणवतं. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण बाईंचं सोवळं काही लगेच सुटलं नाही. आधी त्यांच्या मनातली जात गेली आणि मग १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आमच्या नगर जिल्ह्यातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत नेमकं उलट झालंय. बाप्तिस्मा पणजोबांनी घेतला, जात अजून सुटायची आहे!

चर्चमध्ये हे दिसत नाही हं. तिथं एका बाकावर बसतो, प्रभुभोजनाला एकाच भाकरीचे तुकडे घेतो. अडतं ते घरी. सोयरीक जुळवताना ‘मूळचे कुठले तुम्ही?’ असा प्रश्न हळूच येतो. गाव विचारलेलं नसतं, हे दोन्हीकडच्या बायकांना पक्कं ठाऊक असतं. अनुसूचित जातीच्या सवलती १९५० च्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्यांना मिळत नाहीत; शिखांना त्या १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये मिळाल्या. म्हणजे सरकारी हिशेबानं ख्रिस्ती झालं की अस्पृश्यता संपली. सरकारनं एकदा आमच्या स्वयंपाकघरात डोकवावं.

आमच्या महिला मंडळाची दर बुधवारी घरोघरी प्रार्थना असते. पाळीची वही यंदा माझ्याकडे आली. जुनी पानं चाळली, तर सफाईचं काम करणाऱ्या एका मावशींच्या घरी एकदाही पाळी गेलेली नव्हती. विचारलं तर उत्तर तयार, ‘अगं, त्यांची एकच खोली. बसणार कुठं?’ पण तशाच एका खोलीतल्या दुसऱ्या बाईंकडे आम्ही दोनदा दाटीवाटीनं बसून आलो होतो!

मी मावशींनाच जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘ताई, प्रार्थनेला येतील हो. चहा घेतील का, तेवढं आधी विचारून ठेवा. दूध वाया जातं.’’

मला पुढं बोलवेना. घरी येऊन वहीत तारीख लिहिली आणि हजेरीपटाच्या क्रमानं पुढच्या सगळ्या पाळ्या लावून टाकल्या. कुणालाही वगळायचं नाही. मैत्रिणींनो, तुमच्या भिशीची, हळदीकुंकवाची यादीही एकदा अशीच काढून बघा. कोण कुणाकडे जातं यापेक्षा कोण कुणाकडे खातं, ते बघा.

त्या बुधवारी आम्ही नऊजणी गेलो. एरवी चौदा असतो. शेणानं सारवलेलं अंगण, शेजारून मागून आणलेल्या सतरंज्या, कपही दोन घरचे. प्रार्थना झाली, चहा आला आणि खोली एकदम गप्प झाली. एकीला ॲसिडिटी आठवली, दुसरीचा उपास निघाला. बुधवारचा उपास आमच्यात कधीपासून, देव जाणे! तेवढ्यात आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या आजींनी कप उचलला, फुर्रकन घोट घेतला आणि म्हणाल्या, ‘‘आलं झकास लागलंय गं. आणखी आहे का?’’ मग बाकीच्या सरसावल्या.

दोन कप तसेच राहिले. साय धरली त्यांच्यावर. मावशींनी ते उचलून आत नेले, काही बोलल्या नाहीत.

येत्या बुधवारची पाळी त्या उपासवाल्या बाईंकडे आहे. मावशी येणार आहेत. चहाही घेणार म्हणाल्या.