टाका उसवतो, रंग नाही

जुन्या घरांच्या बैठकीत, काचेच्या चौकटीत लोकरीचा राजहंस हमखास असायचा. बहुधा सुनेच्या रुखवतातून आलेला. आता रुखवत तयार मिळतं, त्यामुळे हौसेनं भरायला बसणाऱ्यावर चार जणींना दाखवायचं दडपण राहिलेलं नाही. भरतकामाचं यानं भलंच झालं.

जाळीदार कॅनव्हासवर लोकरीनं चित्र भरायची आवड युरोपात घरोघरी पोचवली ती बर्लिनच्या प्रकाशकांनी. १९व्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी चौकडीच्या कागदावर हातानं रंगवलेले नमुने विकायला काढले. एक चौकट म्हणजे एक टाका. हात चित्रकलेचा नसला तरी नुसतं मोजता आलं की गुलाब उमलू लागला!

मॅटीवरचा फुलीटाका आपल्या ओळखीचा. कॅनव्हासवर बहुतेक काम अर्ध्या फुलीचं, म्हणजे एकाच तिरक्या टाक्याचं. पुढून सगळे टाके सारखेच दिसतात. खरी गंमत पाठीमागे असते. आडव्या ओळींत भरत गेलं की प्रत्येक टाका कापडाला एकाच दिशेला ओढतो आणि उशीचा चौकोन हळूहळू कलायला लागतो. तेच तिरप्या ओळींत, एकदा चढत नि एकदा उतरत भरलं तर मागे चटईची वीण दिसते. लोकर जास्त खाते, पण कापड बऱ्यापैकी सरळ राहतं. कललंच, तर रंग पक्के असल्याची खात्री करून ओलसर करावं, पाटावर चारी बाजूंनी ताणून न गंजणाऱ्या टाचण्या माराव्यात आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नये. सुई बोथट टोकाची घ्यावी. दोरा वीतभर-दोन वीत पुरे; लांब घेतला की जाळीतून ओढून ओढून त्याचा पिंजारा होतो. गाठ तर मारूच नये, मागचं टोक पुढच्या टाक्यांखाली दाबावं.

टाका चुकला तर उसवून पुन्हा घालता येतो. जलरंगांचं मात्र तसं नाही. तिथं उसवायची सोय नसते. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसलेल्यांना हे आठवत असेल: रंग ओला असताना पुन्हा ब्रश फिरवला की चिखल. फिक्याकडून गडदकडे जायचं आणि पांढरं हवं तिथं कागद कोरा राखायचा. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं हातात समई धरलेल्या तरुणीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. तेलरंगातलं वाटावं असं ते चित्र जलरंगातलं आहे. घरी तेवढं जमायची गरज नाही, पण कागद तरी बरा घ्या, ३०० जीएसएमचा. पातळ कागद फुगतो, खळग्यांत पाणी साचतं आणि आपण उगीच स्वतःच्या हाताला दोष देतो. चोवीस रंगांची पेटीही नको. लेमन यलो, क्रिमसन लेक, अल्ट्रामरीन एवढ्या तिघांतून निघणारे हिरवे-जांभळे जुळवण्यातच कित्येक रविवार मजेत जातात.

दिवसभराच्या कटकटीनंतर मला सुईच बरी वाटते, कारण टीव्हीवरची मालिका ऐकता ऐकता ती चालते. रंगांना पुरं लक्ष आणि दिवसाचा उजेड हवा. लोकरीची छटाही उजेडातच निवडावी आणि लागतील त्या सगळ्या लड्या एकदमच घ्याव्यात. महिन्याभरानं आणलेली त्याच नंबरची लडी वेगळ्या रंगाईतली निघाली, तर राजहंसाच्या मानेवर जोड दिसतो.