दाब, धारा आणि रोध : घरातल्या विजेचा हिशेब

इतिहास शिकविणाऱ्या माणसाने विजेच्या गणितावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि वीज व पाटबंधारे हे विषयही त्यांच्याकडे होते, ही गोष्ट आपल्या जयंतीच्या भाषणांत क्वचितच येते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजविषयक धोरण समितीपुढे अध्यक्ष या नात्याने बोलताना त्यांनी देशाचे दारिद्र्य, उद्योगधंद्यांची वाढ आणि स्वस्त व मुबलक वीज यांचा परस्परसंबंध मांडला होता. ती वीज आज आपल्या घरात आहे. ती मोजावी कशी, हे मात्र फार थोड्यांना सांगता येते. बिल आले की भरायचे, बोर्ड जळाला की नवा आणायचा, एवढाच आपला तिच्याशी व्यवहार.

दाभोसाचा धबधबा पाहिलेल्यांना ही गोष्ट समजणे अवघड नाही. श्रावणात आणि चैत्रात कड्याची उंची तीच असते. पण श्रावणातला प्रपात छातीत धडकी भरवतो आणि चैत्रात कातळावरून जेमतेम एक धार ओघळते. उंची म्हणजे विजेचा दाब, म्हणजेच विभवांतर. ते व्होल्टमध्ये मोजतात. वाहणारे पाणी म्हणजे विद्युतधारा, ती ॲम्पिअरमध्ये. दोहोंचा गुणाकार केला की शक्ती मिळते, ती वॅटमध्ये. नुसत्या उंचीने किंवा नुसत्या पाण्याने जोर ठरत नाही. आणि धारेला वाटेत जो अडथळा होतो तो रोध; दाबाला धारेने भागले की तो ओहममध्ये मिळतो.

हा नियम ज्याच्या नावाने ओळखला जातो तो गेऑर्ग ओहम जर्मनीतल्या एका कुलूप बनविणाऱ्या कारागिराचा मुलगा. बाप स्वतःच्या प्रयत्नाने गणित शिकला आणि त्याने ते मुलांना घरी शिकवले. ओहम कलोनच्या शाळेत शिक्षक होता. १८२७ मध्ये त्याने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्याच देशातल्या विद्वानांनी त्याचे थंडे स्वागत केले. लंडनच्या रॉयल सोसायटीने कॉप्ली पदक दिले ते १८४१ मध्ये. आमच्या पालकांनी या बापाची गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी.

आता घरातले उदाहरण घेऊ. पाणी तापविण्याच्या रॉडवर २३० व्होल्ट, १५०० वॅट असे लिहिलेले असते. १५०० ला २३० ने भागा : धारा साधारण ६.५ ॲम्पिअर. २३० ला ६.५ ने भागा : रोध साधारण ३५ ओहम. तासभर रॉड चालला तर दीड युनिट वीज लागली. (जुन्या पिवळ्या बल्बवर हा प्रयोग मीटरने करणाऱ्या विद्यार्थ्यांची फसगत होते. १०० वॅटच्या बल्बचा रोध हिशेबाने ५२९ ओहम येतो, पण बंद बल्ब मीटरला लावला तर त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी आकडा दिसतो. तार तापली की तिचा रोध वाढतो, हे त्याचे कारण. दोन्ही आकडे खरेच.)

संध्याकाळी पाड्यावर दिवे मंद का होतात, याचेही उत्तर यातच आहे. रोहित्रापासून लांब गेलेल्या तारेलाही रोध असतो. जाऊन-येऊन तो एक ओहम धरू. दुपारी पाड्यावर ५ ॲम्पिअर धारा जात असेल तर वाटेत ५ व्होल्ट खर्च होतात आणि टोकाला २२५ मिळतात. संध्याकाळी सगळ्यांचे दिवे, पंखे, टीव्ही सुरू झाले, धारा ४० वर गेली, की ४० व्होल्ट वाटेतच संपतात. टोकाच्या घराला १९० उरतात. त्या घरचा रॉड मग १५०० नव्हे, हजाराच्या आसपास वॅट देतो, आणि वीस मिनिटांत तापणारे पाणी जवळजवळ अर्धा तास घेते. दाब थोडा उतरला तरी शक्ती त्याच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते. तक्रार अर्जात केवळ ‘लाइट कमी येते’ असे न लिहिता, कोणत्या वेळी किती व्होल्ट मिळाले याचे आठवडाभराचे आकडे लिहावेत. अशा अर्जाला उत्तर देणे भाग पडते.

मुख्य बोलायचे आहे ते आगीबद्दल. खोलीवर राहणारी आपली मुले स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डावर रॉड लावतात. तो खटका ६ ॲम्पिअरचा, रॉडची धारा ६.५. त्यात पिन सैल असेल तर त्या सांध्याला समजा अर्धा ओहम रोध आला. सांध्यातली उष्णता काढायची तर धारेचा वर्ग गुणिले रोध : ६.५ गुणिले ६.५ गुणिले अर्धा, म्हणजे २१ वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडची कथील वितळविणारी सोल्डरिंग साधारण २५ वॅटची असते. तेवढी आच प्लास्टिकच्या डबीत कोंडली, की आधी वास येतो, मग पिन काळी पडते. वास आल्यावर बोर्ड बदलणारे पुष्कळ. रॉडसाठी १६ ॲम्पिअरचा स्वतंत्र प्लग बसवून घेणारे थोडे.

ओल्या अंगाचा हिशेब याहून भयंकर आहे. कोरड्या त्वचेचा रोध हजारो ओहम असतो, ओलीचा एक हजारावर येऊ शकतो. २३० ला हजाराने भागले तर ०.२३ ॲम्पिअर; जीव घ्यायला ०.०३ हून थोडी अधिक धाराही पुरेशी ठरू शकते. फ्यूज येथे वाचवीत नाही, कारण तो कित्येक ॲम्पिअरला वितळतो. आपल्याकडच्या कातळात उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकतो. त्याचा रोध १०० ओहम झाला तर दोष असूनही जेमतेम २.३ ॲम्पिअर धारा जमिनीत जाते आणि फ्यूज जागचा हलत नाही. म्हणून खड्ड्यात पाणी घालत राहावे, मुख्य बोर्डावर ०.०३ ॲम्पिअरला तुटणारी आरसीसीबी बसवून घ्यावी, आणि बादलीत बोट बुडवून पाणी तापले का हे पाहण्यापूर्वी रॉडचा खटका बंद करून पिन बाहेर काढावी.