‘सिक्स्टीन अँड प्रेग्नंट’ बघून मुली खरंच सावध झाल्या का?

एपिसोड ऐकायला वेळ नसेल, किंवा घरात सगळे बसलेले असताना हा विषय स्पीकरवर लावायची हिंमत होत नसेल, तर हे वाचा. बोललेलंच लिहिलंय, थोडं आवरून.

एका श्रोत्या मैत्रिणीचा मेसेज आला होता. ती नववी-दहावीच्या मुलींची शिबिरं घेते. तिचा प्रश्न असा, की एमटीव्हीचे ते टीनएज आयांचे शो मुलींना दाखवू का? ‘निदान घाबरतील तरी’, असं तिचं म्हणणं. हाच विचार अमेरिकेत अनेकांनी केला होता, आणि त्यावर अर्थशास्त्रज्ञांची चांगली जुंपलीसुद्धा. म्हणून आज तेच.

‘सिक्स्टीन अँड प्रेग्नंट’ एमटीव्हीवर सुरू झाला ११ जून २००९ ला. कल्पना लॉरेन डोलजेन यांची. एका भागात एकच मुलगी, साधारण एक तास. पोट दिसायला लागल्यापासून बाळ काही महिन्यांचं होईपर्यंत कॅमेरा तिच्याबरोबर. मधेमधे वहीच्या पानावर काढल्यासारखी चित्रं येतात, आणि गोष्ट ती मुलगी स्वतःच सांगते. उपदेश करणारा कुणी मोठा माणूस मधे नाही. मला वाटतं, शोची सगळी ताकद यातच होती. रात्री तीन वाजता रडणारं बाळ, ‘मित्रांबरोबर जाऊन येतो’ म्हणून सटकणारा पोरगा, शाळा सुटलेली, पैशांवरून आईशी वाद. बघणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीला हे सगळं तिच्याच वयाची मुलगी सांगत होती.

आता आकड्यांकडे येऊ. २०१४ मध्ये मेलिसा कर्नी आणि फिलिप लेव्हिन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी एक अभ्यास मांडला. त्यांचा निष्कर्ष असा, की शो सुरू झाल्यानंतरच्या दीड वर्षात अमेरिकेतली किशोरवयीन बाळंतपणं या शोमुळे ५.७ टक्क्यांनी कमी झाली. म्हणजे त्या काळात जी एकूण घट झाली, तिचा जवळजवळ एक तृतीयांश वाटा एका टीव्ही शोचा! बातम्या किती झाल्या असतील, कल्पना करा.

पण हे मोजलं कसं? इथे जरा थांबू या, कारण खरी गंमत इथेच आहे. अमेरिकेत हा दर आधीपासूनच उतरत होता. १९९१ मध्ये १५ ते १९ वयाच्या दर हजार मुलींमागे सुमारे ६२ बाळंतपणं व्हायची, २०१४ मध्ये ती २४ वर आली. शिवाय २००८ ची मंदी होतीच, आणि मंदीत लोक मुलं पुढे ढकलतात. मग शोचा वाटा वेगळा कसा काढायचा? त्यांनी अशी युक्ती केली: शो यायच्या आधीपासून ज्या भागांत एमटीव्ही जास्त बघितलं जायचं आणि ज्या भागांत कमी, त्यांची तुलना केली. जास्त बघणाऱ्या भागांत घट जास्त वेगाने झाली असेल, तर फरक शोचा. जोडीला गूगल सर्च आणि ट्वीट्स तपासले. नवा भाग आला की गर्भनिरोधनाबद्दलचे सर्च आणि ट्वीट्स वाढत होते.

मग डेव्हिड येगर, थिओडोर जॉइस आणि रॉबर्ट केस्टनर या तिघांनी तेच आकडे पुन्हा चाळले. त्यांचा आक्षेप साधा होता. जास्त एमटीव्ही बघणारे भाग आणि कमी बघणारे भाग मुळात सारखे नव्हतेच. तिथले लोक वेगळे, बेकारी वेगळी, आणि दोन्हीकडचे जन्मदर शो यायच्या आधीपासूनच वेगवेगळ्या वेगाने बदलत होते. हे लक्षात घेतलं तर शोचा परिणाम ठामपणे सांगता येत नाही. मला स्वतःला या तिघांची बाजू जास्त पटते. पण ते गूगल सर्चचं निरीक्षण मी सोडून देणार नाही. त्याकडे पुन्हा येते.

आधी शोचं पुढे काय झालं ते. पहिल्या सीझनमधल्या चार मुलींना घेऊन डिसेंबर २००९ मध्ये ‘टीन मॉम’ सुरू झाला आणि चित्र बदललं. त्याच मुली वर्षानुवर्षं पडद्यावर, मासिकांच्या मुखपृष्ठांवर. अडचणीत सापडलेली शेजारची मुलगी सेलिब्रिटी झाली. निकोल मार्टिन्स आणि रॉबिन जेन्सन यांच्या अभ्यासात असं दिसलं, की असे शो खूप बघणाऱ्या मुलामुलींना किशोरवयीन आयांचं आयुष्य बरं चाललेलं वाटत होतं: हाताशी पैसा आहे, बाळाचा बाप जबाबदारी घेतोय. म्हणजे घाबरवण्यासाठी दाखवलेलंच बघून काहींना उलट वाटलं.

आणखी एक. शो बाळंतपणाचा, त्यामुळे ज्यांनी गर्भपात केला त्या मुली यात येणारच कशा? त्यावर एमटीव्हीने एक वेगळा कार्यक्रम केला, ‘नो ईझी डिसिजन’. लावला कधी, तर २८ डिसेंबर २०१० च्या रात्री साडेअकराला, जाहिरातींशिवाय. वेळच सगळं सांगते.

आता ते गूगल सर्च. अमेरिकेतली मुलगी एपिसोड संपल्यावर फोन उचलते आणि शोधते, कारण पुढे जायला निदान काही वाट आहे असं तिला वाटतं. निर्णय थोडा तरी तिच्या हातात आहे. अख्खा शो याच गृहीतकावर उभा आहे. आपल्याकडे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. आई-वडील ऊसतोडीला जाणार, मुलीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचं, म्हणून सोळाव्या वर्षी उजवून टाकलेली मुलगी आई होते, तेव्हा ‘तू सावध का राहिली नाहीस’ हा प्रश्नच चुकीच्या माणसाला विचारलेला असतो. तिला घाबरवून काय मिळणार? घाबरवायचंच तर लग्न ठरवणाऱ्यांना घाबरवा.

म्हणून मैत्रिणीला माझं उत्तर: दाखव, पण ‘सिक्स्टीन अँड प्रेग्नंट’चा एखादाच भाग, आणि मधेमधे थांबवून. ‘इथे हा निर्णय कुणी घेतला?’ एवढंच विचार आणि मुलींना बोलू दे.

भारतात असा शो तसाच्या तसा करता यायचा नाही, हेही सांग. पॉक्सो कायद्यानुसार अठराच्या आतल्या मुलीशी संबंध हा गुन्हाच, आणि तिची ओळख पटेल असं काहीही माध्यमांत देता येत नाही: नाव, चेहरा, शाळा, घर. हे मुलींच्या भल्याचंच आहे. पण पोलिसांना कळवायचं डॉक्टरांवर बंधन असल्यामुळे घाबरून मुली दवाखान्यातच जात नाहीत, ही दुसरी बाजू. सप्टेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने यातून थोडी वाट काढली. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचं नाव आणि ओळख सांगायची गरज नाही. शिबिरात बाकी काही राहिलं तरी चालेल, एवढं सांगच. आणि १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर फळ्यावर लिहून ठेव. फोन फुकट लागतो, रात्रीसुद्धा.